चिंचोक्यांतून घडलेल्या बाई

‘शिक्षिकेच्या अंगी सर्जनशीलता हवी’ हे वाक्य हल्ली प्रत्येक प्रशिक्षण वर्गात ऐकू येतं. जणू ही कल्पना कालपरवाच जन्मली! खरं म्हणजे तिची मुळं आपल्याच महाराष्ट्रात आहेत, आणि ती रुजवली दोघी बायकांनी.

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या. माँटेसोरी पद्धत त्यांना मनापासून पटलेली. पण तिची साधनं महागडी. खेड्यातल्या पोरांना ती कुठली मिळायला? १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि सहा महिन्यांतच वैधव्य आलं. पुढे जिद्दीने शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे चिंचोके, शिंपले, खडे, पानं हीच शिकवण्याची साधनं झाली. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात गेली. बालसेविकाही याच वातावरणात तयार झाल्या. सर्जनशीलता हा तिथे वेगळा विषय नव्हता. ती रोजची गरज होती.

आता आमच्या कर्जत-खालापूरकडे पाहा. ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या सगळीकडे. पावसाळा सरला की कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, आणि पोरंही त्यांच्याबरोबर. मी गेले होते त्या एका वर्गात आम्हाला थर्माकोल आणि चमकीचे तक्ते करायला शिकवलं. तक्ते दिसायला सुरेख झाले, पण ते भिंतीवरच राहणार! भट्टीवर गेलेल्या पोराला त्यांचा काय उपयोग? चिंचोक्यांची पुरचुंडी मात्र त्याच्याबरोबर जाऊ शकते, आणि भट्टीवर खडे काही कमी नसतात. ज्या बाईला हातात येईल त्यातून शिकवता येतं, तिची शाळा कुठेही भरते.

मैत्रिणींनो, आपण सगळ्याच काही शिक्षिका नाही. पण वाल निवडताना पोर जवळ आलं की आपण चटकन म्हणतो, ‘पसारा करू नकोस!’ त्याऐवजी मूठभर वाल त्याच्यापुढे टाका. मोजू दे, रांगा लावू दे, नक्षी काढू दे. (रांगत्या बाळाला मात्र दूर ठेवा, ते थेट तोंडात घालील!) पसारा आवरायला दहा मिनिटं जातील, तेवढी जाऊ द्यावीत.