बालाघाट उतरताना

बीड जिल्ह्याच्या मधून बालाघाटाची रांग वायव्येकडून आग्नेयेकडे जाते. खाली गोदावरीच्या बाजूला काळ्या मातीची सपाट गंगथडी आणि वर पाटोदा, केज, अंबाजोगाईकडचं पठार. या डोंगरांना सह्याद्रीची उंची नाही. ट्रेकिंगच्या गप्पांत हरिश्चंद्रगड येतो, कळसूबाई येते; बालाघाटाचं नाव कुणी काढत नाही. मी बीडला शाळेत खेळ शिकवते आणि गेली कित्येक वर्षं मुलींना घेऊन याच डोंगरांत फिरते. त्या फिरण्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. चढायला दम लागतो, उतरायला विद्या लागते आणि ती विद्या शिकायला बालाघाट फार चांगली शाळा आहे.

याचं कारण इथल्या दगडात आहे. दख्खनचं पठार लाव्हाच्या थरांवर थर साचून झालं. कठीण काळा पाषाण टिकून राहतो, मधला मऊ थर झिजून त्याचा मुरूम होतो. त्यामुळे आमच्या डोंगराचा माथा सपाट असतो, त्याला कड्याची एक धार असते आणि धारेखाली सुट्या मुरमाचा तीव्र उतार असतो. तासाभरात माथा गाठता येतो. वर वारा लागतो, गप्पा रंगतात आणि मग थकलेल्या पायांनी तो मुरूम उतरायचा असतो. घट्ट खडकावर बारीक मुरूम पसरलेला असला की फरशीवर सांडलेल्या ज्वारीवरून चालल्यासारखं होतं. मांड्यांचे स्नायू उतरताना ताणले जात असतानाच शरीराचा भार अडवून धरतात. म्हणून चढणीनंतर नुसती धाप लागते आणि उतरणीनंतर दुसऱ्या दिवशी जिन्याची पायरी उतरवत नाही.

उतरण्याचा पहिला धडा मला एका मेंढपाळ मामांनी दिला. कपिलधारच्या धबधब्याच्या वरच्या अंगाला त्यांची मेंढरं चरत होती. आमच्या मुली पाय ताठ करून, अंग मागे टाकून, टाचांवर उतरत होत्या. मामा काठीवर हनुवटी टेकून बघत होते. मग म्हणाले, “बाई, पोरींस्नी सांगा, गुडघं आखडून उतरायलेत. गुडघं सैल सोडा. अन् सरळ खाली कशाला जायलेत? मेंढरू बघा कसं जातंय.” मेंढरू आडवं जातं. उताराच्या अंगानं थोडं डावीकडे, मग वळून थोडं उजवीकडे, अशा नागमोडी वाटेनं ते खाली येतं. वाट लांबते, पण उतार निम्म्यानं सौम्य होतो. डोंगरभर दिसणाऱ्या मेंढरांच्या त्या बारीक आडव्या वाटा त्या दिवसापासून आमच्या झाल्या.

मामांनी सांगितलं तेच मी आज पद्धतशीर शिकवते. पाऊल लहान आणि झपझप टाकायचं. लांब ढांग टाकली की सगळा भार एका गुडघ्यावर आपटतो. गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा. अंग मागे झुकवायचं नाही, कंबर पावलाच्या वर ठेवायची. मागे झुकलं की टाच सुटते आणि माणूस पाठीवर येतो. उतार फार तीव्र असेल तर तोंड बाजूला करून आडवं पाऊल टाकायचं, म्हणजे बुटाची पूर्ण कड मुरमात रुतते. नजर पायाच्या अंगठ्यावर ठेवायची नाही, तीन-चार पावलं पुढे ठेवायची. सुट्या दगडांच्या घळीतून उतरताना एकाखाली एक चालायचं नाही. दगड सुटलाच तर “दगड!” असं मोठ्यानं ओरडायचं.

एका हिवाळ्यात मी गुलमर्गला गेले होते. सुमारे २,६५० मीटर उंचीवरच्या त्या कुरणावर सगळीकडे बर्फ होता आणि नवशिक्यांच्या उतारावर मुलं स्नोबोर्ड शिकत होती. मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. प्रशिक्षक त्यांना आधी थांबायला शिकवत होते. फळी उताराला आडवी धरायची, गुडघे वाकवायचे, टाचेकडची कड बर्फात रुतवायची आणि ती अगदी थोडी सैल करत हळूहळू खाली सरकायचं. नजर जिकडे तिकडे शरीर वळतं, हेही ते पुन्हा पुन्हा सांगत होते. काश्मिरी प्रशिक्षक आणि आमचे मेंढपाळ मामा एकच गोष्ट शिकवत होते. उतारावर वेग आपोआप मिळतो, कमवावा लागतो तो ताबा. बर्फावर लोखंडी कड असते, आमच्याकडे बुटाची कड असते.

तिथून आणलेली दुसरी गोष्ट म्हणजे पडायची रीत. स्नोबोर्ड शिकणाऱ्यांची मनगटं फार मोडतात, कारण तोल गेला की माणूस हात मागे टेकवतो. म्हणून ते मनगटाला पट्ट्या आणि डोक्याला हेल्मेट घालतात, आणि पडताना हात आखडून घ्यायला शिकतात. आता आम्हीही माथ्यावर निघण्याआधी गवताळ उतारावर पडण्याचा सराव करतो. तोल जातोय असं वाटलं की खाली वाकायचं, डोंगराच्या बाजूला कुल्ल्यावर बसायचं, हात पोटाशी घ्यायचे. पाठीवरच्या पिशवीत कपडा मागच्या बाजूला भरलेला असेल तर पाठही वाचते. मुली हसत हसत पडतात आणि भीती निघून जाते. न घाबरलेला माणूस गुडघे सैल ठेवू शकतो. बाकीचं तंत्र त्यानंतरचं.

सामानाबद्दल पालक नेहमी विचारतात, म्हणून सविस्तर सांगते. सगळ्यात आधी बूट. महागडे लागत नाहीत, पण तळव्याला खोल खाचा हव्यात. गुळगुळीत झालेला बूट मुरमावर कामाचा नाही. बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. पुढे अंगठ्याएवढी जागा मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर उतरताना बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. उतरायला लागण्याआधी नाडी पुन्हा बांधायची, शेवटच्या भोकांशी फास घालून टाच घट्ट बसवायची. सुती मोजे घामानं ओले राहतात आणि फोड आणतात. लोकरी किंवा खेळाचे मोजे बरे. काठी हवीच. साधी बांबूची चालते, मात्र उतरताना ती चढणीपेक्षा थोडी लांब धरायची, आधी टेकवायची आणि मग पाऊल टाकायचं. पूर्ण पायाची विजार घालावी, कारण पावसाळ्यानंतर कुसळी गवत पिकतं आणि त्याची कुसळं मोज्यात शिरून बेजार करतात.

ऋतूप्रमाणे डोंगर बदलतो. पावसाळ्यात कपिलधारचा धबधबा पाहायला गर्दी होते. ओल्या काळ्या पाषाणावर शेवाळ धरलं की कुठलाही बूट टिकत नाही. तिथे धारेपासून दूर राहणं हाच नियम. पायथ्याच्या शेतांतली काळी माती तळव्याला चिकटून खाचा बुजवते, ती काडीनं काढल्याशिवाय उतारावर जायचं नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा सर्वांत सुंदर काळ. तेव्हा डोंगरउतारावरची सीताफळं पिकतात. बीडच्या या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उन्हाळ्यात पहाटे निघून ऊन चढायच्या आत खाली यायचं, माणशी दोन-तीन लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटं सोबत घ्यायची. दगडाच्या कपारीत न बघता हात घालायचा नाही. अशा डोंगरांत फुरसं असतं. साप चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही. पाय हलू न देता १०८ वर फोन करून जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय गाठायचं.

सुरुवात कुठून करावी? बीड शहराजवळ पालवणच्या डोंगरावर सह्याद्री देवराई उभी राहिली आहे. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकारानं फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे वृक्ष संमेलन भरलं होतं. तिथले उतार सौम्य आहेत, लहान मुलांना झेपतात. त्यानंतर कपिलधार, मग धारूरचा किल्ला आणि त्याच्या भोवतालचे डोंगर, आणि पाय तयार झाले की अंबाजोगाईजवळच्या मुकुंदराजांच्या समाधीकडची दरी. पाटोदा तालुक्यातलं नायगाव मोरांसाठी राखलेलं अभयारण्य आहे. तिथे वन विभागाला विचारल्याशिवाय जाऊ नये.

हे सगळं शिकवताना मला एक गोष्ट फार जाणवते. माझ्या वर्गातल्या कित्येक मुली ऊसतोड कामगारांच्या घरच्या आहेत. दिवाळीच्या सुमारास आईबाप कारखान्यांकडे जातात आणि त्या आजीजवळ राहतात. त्यांतल्या एकीची आजी डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन जो उतार उतरायची, त्यावर शहरातला धडधाकट तरुणही चाचपडला असता. मान स्थिर, पाऊल लहान, गुडघे सैल. कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या यात्रेसाठी कपिलधारला येणारे भाविक शेकडो मैलांवरून अनवाणी चालत येतात आणि शेवटची उतरण न अडखळता उतरतात. ही माणसं स्वतःला खेळाडू समजत नाहीत. मी मुलींना सांगते की त्यांच्या आजीला जे येतं ते कौशल्य आहे, आणि ते शाळेत शिकण्याच्या लायकीचं आहे.

आमच्याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे लहानपणी रोज सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी, पळत जायचा. तो पुढे महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनच्या बर्फात राहिला आणि सैन्यात असतानाच स्पर्धांमध्ये धावायला लागला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं ३,००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ११.२० सेकंदांत धावून रौप्यपदक आणलं; पुढच्या वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. अडथळ्यावरून पाण्यात उतरताना गुडघा वाकवून भार झेलणं हा त्या शर्यतीचा प्राण आहे. प्रत्येक मुलगी अविनाश होणार नाही, पण ज्या जमिनीवर तो वाढला ती जमीन त्यांच्याही पायाखाली आहे.

म्हणून माझं मागणं साधं आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेला जवळपास कुठला तरी डोंगर, टेकडी किंवा घाट आहे. महिन्यातून एक खेळाचा तास तिथे व्हावा. मैदान लहान आहे, साहित्य नाही, या अडचणी खऱ्या आहेत. उतार मात्र फुकट आहे आणि शिकवायला मेंढपाळ मामा आनंदानं येतील. त्यांना पाहुणे म्हणून बोलवा, फळ्यावर त्यांचं नाव लिहा आणि मुलांना त्यांच्यामागून उतरू द्या.