मन नको, मत दाखव

आमच्या सूतगिरणीत धागा कसा आहे हे पेटीवरच्या लेबलावरून ठरत नाही. ठरलेल्या लांबीची लड काढतात, काट्यावर ठेवतात, वजन लिहून घेतात. काटा सांगेल ते खरं. पण निवडणूक आली की आमची वस्ती काटा बाजूला ठेवते आणि लेबल वाचत बसते.

लेबल कसलं? १४ एप्रिलला निळा फेटा. बुद्धविहारात पाच मिनिटं डोळे मिटून बसणं. कुणाच्या तरी घरी ताटावर बसून फोटो. आमच्याच घरी एक उमेदवार जेवून गेला. आईनं उसनवारी करून मटण आणलं. तो निवडून आला. पुढं चार महिन्यांनी आमच्या पाहुण्यांच्या गावात नवरदेवाची वरात वेशीत अडवली. पोरांची डोकी फुटली. पोलिसांनी दोन दिवस गुन्हाच नोंदवून घेतला नाही. आम्ही साहेबांना फोन लावला. "बघतो" म्हणाले. आजपर्यंत बघतायत.

तरी आई म्हणते, "माणूस मनानं वाईट न्हाई रे." अभ्यासवर्गातली शिकलेली पोरंही तेच म्हणतात, फक्त पुस्तकी भाषेत: "त्यांची भूमिका प्रामाणिक आहे."

हे मन काय भानगड आहे ते मला अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याचं वाचताना उमगलं. तो लढा आपल्याला परका नाही. काळ्यांनी युनोकडे अर्ज केला, तेव्हा बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्याची प्रत मागितली होती. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. नाव घेतलं, तसा त्यांचा अनुभवही घेऊ.

१९६० साली केनेडी उमेदवार होते. मार्टिन ल्यूथर किंग जॉर्जियात तुरुंगात होते. केनेडींनी किंग यांच्या बायकोला फोन करून धीर दिला. फोन गाजला, काळ्यांची मतं वळली. सरकारी मदतीच्या घरांमधला वर्णभेद पेनाच्या एका फटकाऱ्यानं जाईल, असंही ते प्रचारात म्हणाले होते. निवडून आले, आणि पेन काही उचलेनात. शेवटी लोकांनी व्हाइट हाउसला टपालानं पेनं पाठवली! सही झाली २० नोव्हेंबर १९६२ ला. फोनला दोन मिनिटं लागली, सहीला दोन वर्षं.

आता १९६४ ची निवडणूक घ्या. एका बाजूला बॅरी गोल्डवॉटर. हा गोरा माणूस काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचा सभासद होता. ॲरिझोनाच्या एअर नॅशनल गार्डमधला वर्णभेद काढण्यात त्याचा हात होता. दुसऱ्या बाजूला लिंडन जॉन्सन, केनेडींच्या खुनानंतर राष्ट्राध्यक्ष झालेला टेक्सासचा पुढारी. १९३७ ला संसदेत गेला आणि पुढची वीस वर्षं नागरी हक्कांच्या विधेयकांना विरोध करत राहिला. झुंडीनं काळ्यांना फासावर लटकवणाऱ्यांविरुद्धचा कायदासुद्धा त्याला नको होता. खासगीत काळ्यांविषयी बोलताना तोंडात शिवी असायची.

मनाला मार्क द्यायचे तर गोल्डवॉटर पास, जॉन्सन नापास. पण १९ जून १९६४ ला सिनेटमध्ये नागरी हक्क कायद्यावर मतदान झालं. हॉटेलात, थिएटरात, नोकरीत वर्णभेद करायला बंदी घालणारा हा कायदा. ७३ विरुद्ध २७ मतांनी तो पास झाला. त्या २७ मध्ये गोल्डवॉटर होता. त्याचं म्हणणं, मी भेदभावाच्या विरुद्धच आहे, पण सरकारनं खासगी धंद्यात हात घालणं घटनेत बसत नाही. तत्त्व कसं इस्त्रीचं! त्याचा अर्थ काळ्यांना कळला, तसा गोऱ्या वर्चस्ववाल्यांनाही कळला. नोव्हेंबरात गोल्डवॉटरनं सहाच राज्यं जिंकली. एक त्याचं स्वतःचं ॲरिझोना. बाकीची पाच म्हणजे मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, साउथ कॅरोलिना. दक्षिणेतली, काळ्याला मतदार यादीपर्यंत पोचू न देणारी. कायद्यावर सही जॉन्सनची आहे, २ जुलै १९६४.

मग जॉन्सन आपला? एवढ्यात हार घालू नका.

मिसिसिपीत फॅनी लू हेमर नावाची बाई होती. सहाव्या वर्षापासून कापूस वेचणारी. पुढं मळ्यावर कापसाच्या वजनाच्या नोंदी ठेवायची. मालकाचं वजन खोटं, म्हणून त्याची नजर चुकवून ही खरं वजन लावायची. १९६२ ला मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली, त्याच दिवशी तिला मळ्यावरून हाकललं. १९६३ ला पोलिसांनी कोठडीत मारून मारून अर्धमेली केली. ऑगस्ट १९६४ ला ती आणि तिचे साथी जॉन्सनच्या पक्षाच्या अधिवेशनात जाऊन उभे राहिले. म्हणाले, मिसिसिपीचे हे गोरे प्रतिनिधी आम्हाला वगळून निवडलेत, त्यांच्या जागी आम्हाला बसवा. टीव्हीवर तिची साक्ष चालू असताना जॉन्सननं घाईघाईनं पत्रकारांना बोलावलं आणि कॅमेरे तिच्यावरून हटवले. मग तडजोड पुढं आली: सगळ्यांना मिळून दोन जागा. त्यांनी त्या नाकारल्या. जुलैत सही करणारा आणि ऑगस्टात हा डाव खेळणारा माणूस एकच.

म्हणून मी म्हणतो, माणसाला एकदाच 'आपला' किंवा 'परका' असा शिक्का मारू नका. एकेक काम लिहून ठेवा. मार्च १९६५ मध्ये सेल्मा इथं मोर्चावर लाठ्या पडल्या, देश हादरला, तेव्हा जॉन्सननं मताच्या हक्काचा कायदा आणला. ६ ऑगस्टला सही. मिसिसिपीत त्याआधी शंभर काळ्यांत जेमतेम सात जणांची मतदार म्हणून नोंद होती, १९६७ पर्यंत साठाच्या घरात गेली. जॉन्सनचं मन बदललं का, यावर पंडितांनी वाद घालावा. हेमरबाईच्या लोकांना मत मिळालं. आणि वही तिथंही मिटली नाही. २०१३ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्याच कायद्याचा कणा मोडला.

आपल्याकडं वेगळं काय घडलं? २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. मराठवाड्यात आपली घरं जळली, माणसं मेली. विद्यापीठाला नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही नामविस्तार म्हणून. ठरावाच्या बाजूनं हात वर करणारे या साडेपंधरा वर्षांत कुठं होते? आणि २० मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ॲट्रॉसिटी कायदा बोथट केला, तेव्हा २ एप्रिलला लोक रस्त्यावर आले, म्हणूनच ऑगस्टात संसदेनं दुरुस्ती केली. प्रेमात पडून कुणी केली नाही.

तर दोस्तांनो, दारात येणाऱ्याला त्याचं मन विचारू नका. विचारा: गुन्हा नोंदवत नव्हते त्या रात्री ठाण्यात होतास का? आमच्या योजनांचा पैसा दुसरीकडं वळवला तेव्हा सभागृहात उठलास का? पोरांची शिष्यवृत्ती थकली तेव्हा किती प्रश्न लावलेस? आणि आमच्या बाजूनं बोलल्यावर तुझी गावातली मतं जाणार होती, त्या दिवशी काय बोललास? फुकटातला पुळका सगळ्यांनाच येतो.

उत्तरं तारखेसकट लिहून घ्या. आपल्या जातीचा, निळ्या झेंड्याचा उमेदवार असला तरी त्याचंही पान काढा, उलट त्याचं आधी काढा. शंभर पानी वही पंचवीस-तीस रुपयांना मिळते. एका वस्तीला एक पुरे.