सात्त्विक ताट आणि विसरणारा मेंदू

'मांस खाल्ले की बुद्धी तामसी होते, स्मरणशक्ती मंदावते' हे आम्ही शाळेत ऐकले, वसतिगृहात ऐकले आणि आता आपल्याच पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाचतो आहोत. शिकून नोकरीला लागलेली आपली मुले पाहुण्यांसमोर 'आम्ही आता खात नाही' असे सांगतात, तेव्हा त्या सांगण्यात आरोग्य कमी आणि लाज जास्त असते. म्हणून मेंदूचे शास्त्र याबद्दल काय सांगते ते एकदा नीट बघू.

आपल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते, विजेच्या वायरवर प्लास्टिक असते तसे. ते शाबूत राहायला बी-१२ हे जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की तळपायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो, माणूस चिडचिडा होतो आणि विसरू लागतो. हे बी-१२ कोणतीही वनस्पती तयार करत नाही, ते फक्त सूक्ष्मजीव तयार करतात. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातले सूक्ष्मजीव ते बनवतात आणि ते जनावराच्या मांसात, दुधात, सर्वात जास्त काळजात साठते. म्हणजे ज्या कलेजीला नाक मुरडले जाते, तीच त्याची कोठी. १९२६ साली बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी एका जीवघेण्या रक्तक्षयाच्या रुग्णांना रोज कलेजी खाऊ घालून वाचवले. त्याबद्दल १९३४ चे नोबेल मिळाले. कलेजीतले ते द्रव्य, म्हणजे बी-१२, वेगळे काढता आले १९४८ मध्ये. बाबासाहेबांचा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ त्याच वर्षीचा. गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध त्यांनी त्यात उलगडला. हा निव्वळ योगायोग, पण आम्हाला तो आवडतो.

यकृतात बी-१२ चा साठा काही वर्षे पुरतो. त्यामुळे मांस सोडलेला माणूस दोन वर्षांनी सांगतो, 'बघा, मला काही झाले नाही!' आमच्या नात्यातल्या एका आत्यांनी असेच सगळे सोडले, दूधही त्यांना पचत नसे. काही वर्षांनी त्या चुलीवर भांडे ठेवून विसरू लागल्या, पायातली चप्पल निसटली तरी कळेना. घरच्यांनी 'वय झाले' म्हणून सोडून दिले. शेवटी एका डॉक्टरांनी रक्त तपासायला लावले. इंजेक्शने सुरू झाल्यावर विसरणे बरेच कमी झाले, पायांची बधिरता मात्र पूर्ण गेली नाही. उशीर झालेला मज्जातंतू पूर्ववत होईलच असे नाही. बी-१२ ने अल्झायमर बरा होतो असे कोणी सांगत असेल तर ते खोटे आहे. पण विसरणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाची ही तपासणी आधी झाली पाहिजे, कारण विस्मरणाचे हे एक कारण उपचाराने सुधारू शकते. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी तर नक्कीच करावी, तिनेही बी-१२ घटते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. निम्म्याहून जास्त जणींत बी-१२ कमी निघाले. त्यांच्यापैकी काहींची मुले नऊ वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा आईचे बी-१२ गरोदरपणी फारच कमी होते अशी मुले लक्ष देण्याच्या आणि लगेच आठवून सांगण्याच्या चाचण्यांत मागे पडली. ही काही फक्त शाकाहारी घरांची गोष्ट नाही. आपल्याला 'मांसाहारी' म्हणतात खरे, पण ते ताटात येते कधी? सणाला, पगाराला. २०१५ च्या कायद्याने बैलाचे मांसही बंद झाले आणि गरिबाचे सर्वात स्वस्त मांस गेले. चान्या, वजडी, रक्ती, सुकट हे आपल्या आयांचे शास्त्र होते, चार दिवसांचे आठ दिवस पुरवण्याचे.

कोणी म्हणेल, १९२७ ला महाडला बाबासाहेबांनीच सोडायला सांगितले. त्यांनी मेलेल्या ढोराचे मांस सोडायला सांगितले, कारण ते गुलामीचे ताट होते. बावीस प्रतिज्ञांत मांसबंदी नाही, दारूबंदी आहे. तिकडे मात्र आपले लक्ष कमी. सतत दारू पिणाऱ्याला थायमिन, म्हणजे बी-१, मिळत नाही आणि मेंदूतली नव्या आठवणी साठवण्याची यंत्रणाच बिघडते. त्याला कोर्साकॉफचा आजार म्हणतात. माणूस काल काय झाले ते सांगू शकत नाही आणि मनाने रचून सांगतो. वस्तीत त्याला आपण 'थापाड्या' म्हणतो.

ज्याला शाकाहारी राहायचे त्याने खुशाल राहावे, फक्त दूध-दही पुरेसे घ्यावे किंवा डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. आमचे भांडण आहे ते दुसऱ्याच्या ताटातले काढून घेण्याशी. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले. एका अंड्यात सुमारे अर्धा मायक्रोग्रॅम बी-१२ असते, शिवाय कोलीन असते, ज्यापासून मेंदू स्मरणाला लागणारे रसायन बनवतो. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला आणि शाळांना सांगितले, लोकवर्गणी काढा. जिल्हा परिषदेच्या शाळेत कोणाची मुले शिकतात आणि तिथे वर्गणी कोण देणार, हे निर्णय घेणाऱ्यांना माहीत नव्हते असे आम्हाला वाटत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात. आमच्या वस्तीतल्या चार आयांनी येत्या बैठकीसाठी अंड्याचा विषय लेखी दिला आहे आणि पोच घेतली आहे. तुमच्या गावातला अर्ज लिहायला मदत लागली तर कळवा.

जय भीम!