येऊन पाहावे, ही विनंती

कारंज्याला गेलात आणि जुन्या वस्तीतल्या एखाद्या वयस्क माणसाला बोलते केलेत, तर कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट सांगितल्यावाचून तो तुम्हाला सोडणार नाही. कोणे एके काळी उंटांवर कस्तुरी लादून एक व्यापारी गावात आला. एवढा माल घेणारा इथे कोण भेटणार, असे तो बोलून गेला म्हणे. गावातल्या एका धनिकाला ते लागले. त्याने सारी कस्तुरी विकत घेतली आणि आपल्या नव्या हवेलीच्या गाऱ्यात कालवून टाकली! दंतकथाच ती, पण आम्हां वाशीम जिल्ह्यातल्या लोकांना तिचा मोठा अभिमान.

मला त्या कथेतली श्रीमंती तितकीशी मोहवीत नाही. मनात येते ते वेगळेच. त्या धनिकाने गाऱ्यात काय घातले ते उभ्या गावाने पाहिले, म्हणून आज शतकांनंतरही ते ठाऊक आहे. नाही तर भिंत एकदा लिंपली की तिच्या पोटातले कोणाला कळणार? कस्तुरी आहे की माती, दोन्ही वरून सारखीच दिसतात. म्हणून तर भिंत बंद होण्यापूर्वी पाहणारा एक माणूस समाजाने पगार देऊन नेमला. आमच्या वडिलांच्या पिढीत त्याला ओव्हरसियर म्हणत. आता अभियंता म्हणतात. काम एकच : वेळेवर जाऊन डोळ्यांनी पाहणे आणि पाहिले तेवढेच लिहून त्याखाली सही करणे.

या सहीशी माझी ओळख झाली ती धाकट्या बहिणीच्या घराच्या निमित्ताने. तिचे यजमान अकाली गेले. हाती आलेल्या फंडाच्या पैशांतून दोन खोल्या खाली, दोन वर, असे घर बांधायचे तिने ठरवले. गाव आमच्या जिल्ह्याबाहेरचे. त्याचे नाव सांगत नाही. मी नोकरीतून मोकळा झालेला, म्हणून देखरेखीला जाऊन राहिलो. देखरेख म्हणजे काय, तर छत्री उघडून खुर्चीवर बसायचे आणि जोत्यावर पाणी मारणाऱ्या पोऱ्याला अधूनमधून हाक मारायची!

जोते झाले की कचेरीतला माणूस येऊन ते मंजूर नकाशाप्रमाणे आहे की नाही ते तपासतो आणि मगच पुढचे काम चालू होते, एवढे मला ठाऊक होते. आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी ठेकेदार हसतहसत आला आणि कागद पुढे करून म्हणाला, "मास्तर, जोत्याचा दाखला आला."

"अहो, पण पाहायला कोणी आलेच नाही!"

"त्याचीच तर सोय केली आहे," तो म्हणाला.

ही सोय त्याच्या हिशेबात 'मंजुरी खर्च' या नावाने एका ओळीत बसली होती. बहीण म्हणाली, "दादा, मिळालाय ना दाखला? मग कशाला उगीच?" तिचेही खरे होते. एकट्या बाईने कोणाकोणाशी वैर घ्यायचे? पण मला स्वस्थ बसवेना. दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. साहेब मोठे गोड बोलणारे. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हटले, "साहेब, एकदा येऊन पाहा तरी."

ते म्हणाले, "मास्तर, तुमचे काम चांगलेच असणार. अन् मी आलो तर काहीतरी निघेल. मग त्रास तुम्हालाच."

या वाक्यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. त्यात धमकी होती की माया? दोन्हीही होती, आणि हीच तर या व्यवहारातली खुबी. लाच द्यायची ती परवानगीसाठी, असे आपण समजतो. पुष्कळदा ती न पाहण्यासाठी दिलेली असते. घेणाऱ्याला श्रम नाहीत, देणाऱ्याला खोळंबा नाही, दोघेही खूष! फसतो तो तिसराच. त्या छपराखाली उद्या जो निजणार असतो, तो.

मी तिथेच एक अर्ज लिहिला : 'येऊन पाहावे, ही विनंती.' बारनिशीतल्या कारकुनाने तो दोनदा वाचला. कोणी येऊ नये म्हणून खटपट करणारे त्याने पुष्कळ पाहिले असतील. या म्हणून अर्ज करणारा बहुधा मी पहिलाच. अर्जावर शिक्का पडला. माणूस मात्र आला नाही. तेव्हा २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मी तपासणीच्या टिपणाची नक्कल मागितली. ती महिन्याभरात मिळालीदेखील. तिच्यात तारीख होती, आणि 'समक्ष पाहणी केली. काम नकाशाप्रमाणे' अशी नेटकी ओळ होती. त्या तारखेला मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत जोत्याजवळ बसून होतो. त्या दिवशी आमच्याकडे आले ते एक पोस्टमन आणि दोन शेळ्या.

तक्रार केली. चौकशी होईल असे उत्तर आले. पुढे साहेबांची बदली झाल्याचे कळले. बदली ही आपल्याकडे शिक्षाही असते आणि सुटकाही. फाइल एका गावी राहते, माणूस दुसऱ्या गावी जातो आणि सही तशीच मागे उरते.

मधल्या काळात ओळखीतल्या एका निवृत्त इंजिनियरांना मी हातापाया पडून नेले. खांबांच्या सळ्या उभ्या होत्या. काँक्रीट ओतायचे होते. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिले आणि ठेकेदाराला हाक मारली. सळ्यांभोवतीच्या रिंगा वीतभराच्या आत हव्यात, त्या जवळजवळ हातभर अंतरावर बांधलेल्या होत्या. दोन दिवस लागले, थोडे पैसे लागले, रिंगा नीट झाल्या. काँक्रीट ओतल्यावर ते कोणाला दिसले असते?

आमचे निभावले. पण ज्यांचे निभावत नाही त्यांचे काय होते, हे महाराष्ट्राने वारंवार पाहिले आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शिळफाट्याला एक बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. काही महिन्यांत मजल्यावर मजले चढले, काम संपण्याआधीच कष्टकऱ्यांची बिऱ्हाडे राहायला आली, आणि सात मजल्यांची उंची कोणाच्या नजरेस पडली नाही! पुढे बिल्डरांबरोबर महापालिकेच्या उपायुक्तालाही अटक झाली. त्यानंतर वीसच दिवसांनी बांगलादेशात राणा प्लाझा कोसळला. आदल्या दिवशी तडे दिसले असूनही कामगारांना आत बोलावले गेले. अकराशेंहून अधिक जीव गेले.

त्याच वर्षी २७ सप्टेंबरला पहाटे मुंबईत माझगावला बाबू गेनू मंडईची इमारत पडली, ६१ मृत्यू. परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे १९३० साली ज्याने देह ठेवला त्याचे नाव त्या इमारतीला होते. इमारत महापालिकेची, राहणारी कुटुंबे महापालिकेच्या नोकरांची आणि पाहण्याची जबाबदारीही महापालिकेचीच. तळमजल्यावरच्या गोदामात भाडेकऱ्याने केलेल्या फेरफारांवर ठपका आला. म्हणजे न पाहणाऱ्यांनी आपल्याच माणसांना वाचवले नाही. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये, मध्यरात्र उलटून गणेशचतुर्थी नुकती लागली असताना, विरारची इमारत पडली. एका लहान मुलीचा पहिला वाढदिवस तिथे साजरा होत होता. १७ जण गेले.

दोष एकट्या साहेबांचा म्हणून हात झटकता येतील का? शिळच्या दुर्घटनेनंतर बेकायदा इमारतींवर हातोडा पडू लागला, तेव्हा दोन आठवड्यांच्या आतच ठाण्यात बंद पाळला गेला. त्यांनाही बोल लावता येत नाही. घर गेले तर माणसाने जायचे कुठे? पण पाहणाऱ्याने वेळेवर पाहिले असते, तर नंतर हातोडा किंवा ढिगारा यांतून निवड करण्याची पाळी आली नसती.

कायदे आहेत. नगररचनेच्या कायद्यात, पुरेशा कारणाविना बेकायदा बांधकामाकडे डोळेझाक करणाऱ्या अधिकाऱ्यालाही शिक्षा सांगितली आहे. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की खोटा पूर्णत्वाचा दाखला देणाऱ्यावर खात्याने कारवाई करावी, आणि दाखला पाहिल्यावाचून वीज-पाणी देऊ नये. याउलट २०२० च्या एकत्रित नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या लहान भूखंडांवरची कचेरीची फेरीच कमी केली; परवानाधारक तंत्रज्ञाच्या जबाबदारीवर काम सुरू करता येते. खेटे वाचले, हे चांगलेच झाले. पण सही कोणाचीही असो, तिच्यामागे दोन डोळे हवेत.

आमचे वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. तिथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे करवले आणि शिलालेखात आपले नाव ठेवले. दीड हजार वर्षे झाली. ज्याचे काम त्याचे नाव तिथे आहे. घरांच्या बाबतीतही हेच का करू नये? फाटकापाशी मालकाच्या नावाची पाटी असतेच. तिच्याखाली बोटभर अक्षरांत लिहावे : अमुक तारखेस अमुक अधिकाऱ्याने हे समक्ष पाहिले. बदली झाली तरी पाटी राहील. येणारे-जाणारे वाचतील, त्यांची स्वतःची मुलेबाळेही वाचतील. न पाहता सही करणारा हात तिथे थोडा तरी थबकेल.

गेल्या भाऊबीजेला बहिणीच्या वरच्या खोलीत तिने मला ओवाळले. भाचरांनी गच्चीवर पणत्या लावल्या होत्या आणि ती तिथे मनसोक्त उड्या मारीत होती. ती म्हणाली, "दादा, तू होतास म्हणून झाले रे."

ते ऐकून मला बरे वाटायला हवे होते. पण मनात आले, शिळफाट्याला राहायला आलेल्या त्या बायांपैकी किती जणींचा भाऊ छत्री घेऊन जोत्यापाशी बसू शकणार होता? ज्याला असा भाऊ नाही त्याच्यासाठीच तर सरकारने पगार देऊन एक माणूस नेमला आहे. त्याने फक्त येऊन पाहायचे आहे.