बंद पडण्याची वेळ लिहून ठेवा

दुकानात आलेलं गिऱ्हाईक कॅबिनेट टेबलावर ठेवता ठेवताच सांगून टाकतं, "विंडोज गेलंय, फॉरमॅट मारा." चालता चालता एकदम बंद पडणाऱ्या कॉम्प्युटरच्या बाबतीत हे निदान बहुतेक वेळा चुकतं. म्हणून मी आधी माणसाला विचारतो: बंद पडला तेव्हा काय काम चाललं होतं? सुरू करून किती वेळ झाला होता? त्याच वेळी शेजारी एखादी मोटर चालू झाली का? या उत्तरांवरून निम्मं काम होतं. स्क्रू ड्रायव्हर नंतर लागतो.

मी इचलकरंजीत दुरुस्तीचं काम करतो. इथे यंत्रमागाच्या कारखान्याला लागूनच ऑफिस असतं आणि तिथल्या कॉम्प्युटरवर सुताचा, कापडाचा, पगाराचा सगळा हिशेब असतो. हवेत कापसाचे बारीक तंतू सतत तरंगत असतात. पंखा ते आत ओढतो आणि प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या पात्यांवर त्यांचा घोंगडीसारखा थर बसतो. हा थर पंख्याच्या खाली असतो, त्यामुळे वरून बघणाऱ्याला पंखा स्वच्छ दिसतो, फिरतानाही दिसतो. कॉम्प्युटर सकाळी नीट चालतो, अर्ध्या तासाने बंद पडतो, लगेच चालू केला तर पाच मिनिटांत पुन्हा बंद पडतो आणि जेवणाच्या सुट्टीनंतर शहाण्यासारखा चालतो. हा क्रम ऐकला की मी दुसरीकडे कुठे न बघता पंखा सोडवतो.

उष्णतेने बंद पडलेला कॉम्प्युटर खरं तर स्वतःला वाचवत असतो. 2001 मध्ये टॉम्स हार्डवेअर या वेबसाइटने एक प्रयोग चित्रित केला होता. चालू कॉम्प्युटरवरचा हीटसिंक त्यांनी काढून घेतला. एएमडीचा अ‍ॅथलॉन काही क्षणांत जळाला. इंटेलचा पेंटियम 4 मात्र वेग कमी करून तगला. आजचे प्रोसेसर साधारण 100 अंश सेल्सिअसच्या आसपास आधी वेग कमी करतात आणि त्यानेही भागलं नाही तर वीज तोडायला लावतात. बायोसमध्ये तापमान दिसतं, ते बघायला एक रुपयाही लागत नाही. दिवाळीच्या साफसफाईत कॅबिनेटवर ब्लोअर मारणार असाल तर प्लग काढा आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या जोराने पंखा भलत्या वेगाने फिरून त्याची बेअरिंग खराब होते. हीटसिंक काढलाच, तर वाळलेली जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावल्याशिवाय परत बसवू नका.

ठरावीक वेळ नाही, तापमानही ठीक आहे आणि तरी दिवे फटकन जातात, अशा वेळी विजेकडे वळायचं. इथे घाई करू नये, कारण संशयित बरेच असतात. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह खेचते आणि तेवढ्यापुरता त्या लाइनवरचा दाब खाली येतो. चांगला एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, पूर्ण लोडवरही सुमारे 16-17 मिलिसेकंद आतल्या साठ्यावर तग धरतो. आपल्या 50 हर्ट्‌झच्या विजेचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं, म्हणजे मुळातच सवड थोडी. आतले कपॅसिटर जुने झाले की तीही उरत नाही. मग एसएमपीएस मदरबोर्डला दिलेला 'पॉवर गुड' हा इशारा काढून घेतो आणि सगळं थांबतं.

काही दुरुस्ती करणारे हिरवी तार काळ्या तारेला जोडून एसएमपीएसचा पंखा फिरवून दाखवतात आणि "बघा, चांगला आहे" म्हणतात. त्यातून तो चालू होतो एवढंच कळतं, लोड पेलतो की नाही ते कळत नाही. 12 व्होल्टची लाइन काम चालू असताना मोजली पाहिजे. ती 11.4 ते 12.6 च्या दरम्यान हवी. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे दुसरा, चांगला माहीत असलेला एसएमपीएस लावून दिवसभर चालवणं. गेम सुरू केला की बंद पडणाऱ्या मशीनमध्ये लेबलवरचे मोठे वॅट बघू नका. 12 व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघा आणि त्यांना 12 ने गुणा. ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला येणारी ताकद तेवढ्यातूनच मिळते. एसएमपीएस स्वतः मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात.

कॅबिनेटचं बटण अडकलेलं असेल तर कॉम्प्युटर चालू होऊन चार-पाच सेकंदांत बंद होतो, कारण बटण तेवढा वेळ दाबून धरलं की वीज तोडायची अशी योजनाच आहे. बटणाची तार मदरबोर्डवरून काढून बघा, लगेच कळेल.

विंडोजची नोंदवही फार थोडे लोक उघडतात. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर 41' ही नोंद सापडली की लोक तिलाच रोगाचं नाव समजतात. ती फक्त एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. तिच्या तपशिलात 'बगचेककोड' शून्याहून वेगळा असेल तर निळा पडदा येऊन गेला आहे. तेव्हा ड्रायव्हर, रॅम यांची चौकशी करा. तो शून्य असेल आणि पॉवर बटण दाबल्याच्या वेळेचा आकडाही शून्य असेल, तर बहुधा वीजच गेली, किंवा मशीन पुरतं गोठलं होतं.

विजेने पडणाऱ्या मशीनला फॉरमॅट मारणं मला अक्षम्य वाटतं. एका कारखान्याचे दिवाणजी माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या मशीनला दुसरीकडे फॉरमॅट मारून झालं होतं. वर्षभराचा सुताचा हिशेब पुसला गेला होता आणि मशीन तरीही बंद पडतच होतं. दोष यूपीएसच्या बॅटरीत होता. ती फुगली होती, वीज क्षणभर हलली की यूपीएसच बंद व्हायचा आणि कॉम्प्युटरला सोबत घेऊन जायचा. ही बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. दिवाणजींनी बिलांच्या गठ्ठ्यांवरून सगळ्या नोंदी पुन्हा भरल्या. त्यांचे ते आठवडे भरून देणं कुणालाच शक्य नव्हतं.

म्हणून तुमचा कॉम्प्युटर असा बंद पडायला लागला तर त्याच दिवशी हिशेब, फोटो, पत्रं वेगळ्या ड्राइव्हवर उतरवा आणि तो ड्राइव्ह काढून कपाटात ठेवा. शेजारी एक कागद ठेवा. प्रत्येक वेळी किती वाजता बंद पडला आणि तेव्हा काय चाललं होतं ते लिहा. दुरुस्ती करणाऱ्याला तो कागद आधी दाखवा, आणि त्याने कारण सांगितल्याशिवाय फॉरमॅट मारू देऊ नका.