धानाच्या गावात केटो

भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदुरात भात नाकारणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर रुसलेला. प्रस्तुत लेखक दोन्ही नव्हता. काटा नव्वदीच्या पुढे गेला होता, पँट शिंप्याकडे दोनदा सैल करून झाली होती आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल 6.1 टक्के आला होता. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टर म्हणाले, "वजन उतरवा." कसे, ते मोबाईलने सांगितले: केटो.

केटो हा मुळात आजाऱ्यांचा आहार. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी 1921 मध्ये तो अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला. उपाशी माणसाचे झटके कमी होतात, हे आधीपासून माहीत होते. पण कायम उपाशी कोण राहील? मग पिष्टान्न जवळजवळ बंद करून स्निग्ध पदार्थ भरपूर दिले, तर यकृत चरबीपासून कीटोन तयार करते आणि शरीर उपाशी असल्यासारखे वागते. वजन उतरवण्यासाठी त्याचा बोलबाला पुष्कळ नंतरचा.

दिवसभरात पिष्टान्न 20 ते 50 ग्रॅम, हा त्याचा नियम. 100 ग्रॅम तांदळात ते सुमारे 78 ग्रॅम असते. चुलबंद नदीच्या खोऱ्यातला, इटियाडोह धरणाच्या पाण्यावर उन्हाळीसुद्धा धान घेणारा हा तालुका. इथे एका जेवणात एवढा तांदूळ सहज जातो. म्हणजे एकाच जेवणात दीड ते जवळजवळ चार दिवसांचा हिशेब संपला. पोळी, पोहे, लाखोळीची डाळ, गूळ सगळेच बाद. उरले अंडी, तलावातले मासे, झिंगे, पालेभाजी, जवसाची चटणी आणि वडशाहून आणलेले पनीर. आईने ताटाकडे पाहून एवढेच विचारले, "धान पिकवाचा अन् भात नाही खाचा, हे कोन्या डॉक्टरनं सांगतलं?"

पहिल्या आठवड्यात काटा झरझर उतरला. स्वारी खूश. पण ती घट बरीचशी पाण्याची असते. शरीरातल्या साठवणीच्या साखरेचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. साठा संपला की पाणीही जाते, त्याबरोबर मीठ जाते. मग डोके दुखते, पोटऱ्यांत गोळे येतात, शिवाय कीटोनमुळे तोंडाला उग्र वास येतो. लेखकाला हे सगळे झाले, वर बद्धकोष्ठही. रोवणीच्या दिवसांत बांधीत उभे राहिले की डोळ्यांपुढे काजवे. मीठ-पाणी वाढवल्यावर बरे वाटले आणि भूक खरोखर मंदावली, हे केटोच्या बाजूने नोंदवायला हवे. पण घरात दोन स्वयंपाक, पनीर-बदामाचा खर्च आणि बायकोचा उतरलेला चेहरा, यांपुढे कीटोन टिकले नाहीत.

दुसरा मार्ग विदर्भाच्या ओळखीचा निघाला. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार, अनेक पदव्यांचे धनी आणि माजी मंत्री, 2004 मध्ये अपघातात गेले; दिवसातून दोनदाच जेवा, हे ते व्याख्यानांतून सांगत. त्यांचे विचार ऐकून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी आधी स्वतःवर प्रयोग केला आणि मग महाराष्ट्रभर तेच सांगितले: कडक भुकेच्या दोन वेळा ओळखा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा, दोन जेवणांच्या मध्ये फक्त पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा, आणि रोज 45 मिनिटे चाला. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा सल्ला नेमका उलटा, दर दोन तासांनी थोडे खा. त्या वादात मराठी घरांचे दोन तट पडले होते. लेखकाने दीक्षितांची बाजू घेतली ती तत्त्वासाठी नव्हे. त्यात भात चालत होता, म्हणून.

खरी परीक्षा दिवाळीनंतर. गावोगावी मंडई म्हणजे जत्रा, घरोघरी पाहुणे आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक, ते पहाटेपर्यंत. "का जी भाऊ, अर्धा कप तरी घ्या," असे म्हणत कोणी दाट गोड चहा पुढे केला की नकाराला अपमानाची धार येते. लेखकाने तोडगा काढला: मंडईच्या दिवशी दुसरे जेवण पाहुण्यांसोबतच, त्यानंतर नाटकभर पाणी. भातही राहिला, फक्त आधी काकडी-मुळा, मग भाजी-वरण आणि शेवटी भात, तोही पूर्वीच्या निम्मा.

वर्षभरात काटा ऐंशीच्या आसपास आला, साखर 5.6 वर. हे भोजनाच्या वेळांनी केले की निम्म्या भाताने? चीनमधल्या ग्वांगझूच्या 139 लठ्ठ व्यक्तींवरचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांनी उष्मांक कमी केले, काहींनी शिवाय फक्त सकाळी 8 ते दुपारी 4 मध्येच खाल्ले. वर्षाअखेर यांचे वजन सरासरी 8 किलोंनी घटले, इतरांचे 6.3 किलोंनी, हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. लेखकाचेही मत तेच: घड्याळाने फक्त येताजाता तोंडात टाकणे थांबवले, वजन कमी खाण्याने उतरले.

तुमची मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर मात्र यातले काहीही परस्पर सुरू करू नका. जेवण कमी आणि औषध तेवढेच राहिले तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या घेताना केटो केल्यास रक्तात आम्ल साठण्याचा धोकाही वाढतो. आधी डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्या.