शेवटच्या शिडीच्या अलीकडे

व्यापाऱ्याच्या घरात दुकान कधी बंद होत नाही. फक्त त्याचे दार लोटले जाते. जेवताना उधारीचा विषय निघतो, लग्नकार्यात मालाच्या भावाची चौकशी होते. संगमनेरच्या बाजारपेठेत किराण्याची पेढी चालवणाऱ्या एका दांपत्याने संसाराची सत्तावीस वर्षे अशीच घालवली होती. दोघांचे बोलणे पुष्कळ होई. परंतु ते गिऱ्हाईक, पाहुणे आणि हिशेब यांच्यामधून वाट काढत.

चातुर्मास संपल्यावर, मार्गशीर्षात, ते दोघे दोन दिवसांसाठी भंडारदऱ्याला गेले. 1926 साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाच्या जलाशयाकाठी त्यांनी तंबू घेतला. जी प्रवरा आपल्या गावातून वाहताना ते रोज पाहत, तिचे रतनगडाकडून येणारे पाणी इथे डोंगरांच्या कुशीत निवांत पसरले होते. तंबूवाल्याने शेकोटी रचली होती. ज्वाळेवर झेपावणाऱ्या किड्यांच्या विचाराने त्यांनी ती पेटवू दिली नाही. सूर्यास्तापूर्वीच, कांदा-लसूण न घातलेले पिठले आणि भाकरी खाऊन, दोघे शाली पांघरून पाण्याकडे पाहत बसले. दुकान वाढवण्याची वेळ झाली तसा त्यांचा हात सवयीने खिशातील किल्ल्यांकडे गेला. किल्ल्या घरी होत्या.

दुसऱ्या दिवशी बारी गावातून त्यांनी कळसूबाईची वाट धरली. 1646 मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. हाती घेतलेले काम पुरे करायचे, या सवयीने ते पुढे चालत होते. त्या दहा पावले मागे. कातळाच्या उभ्या टप्प्यांवर बसवलेल्या लोखंडी शिड्या त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरून, न बोलता पार केल्या. शेवटची शिडी समोर दिसू लागली तेव्हा त्या एका सपाट दगडावर बसल्या.

“तुम्ही दर्शन घेऊन या. माझे गुडघे पुढे येणार नाहीत.”

एरवी ते गेले असते. त्या दिवशी ते शेजारी बसले. खाली बारीची कापणी झालेली भातखाचरे पिवळी पडली होती. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्या हलकेच म्हणाल्या, “अहो, आपल्या मुलाला पेढीवर बसायचं नाही. त्याला शिकवायचं आहे, कॉलेजात. दिवाळीला वहीपूजनात त्याने नव्या वहीवर ‘श्री’ लिहिला, तेव्हा त्याचा हात पाहून मला कळलं. नंतर त्यानेही सांगितलं. तुमच्याशी बोलायला घरात वेळच सापडेना.”

त्यांनी काही उत्तर दिले नाही. शिखराकडे एकदा पाहिले आणि उठले. “चला, उतरू या,” एवढेच म्हणाले. उतरताना मात्र ते मागे राहिले, त्यांच्या पावलांचा वेग धरून. प्रत्येक शिडीवर त्यांचा पाय नीट टेकेपर्यंत थांबून.

रात्री तंबूत, अंधारात, ते अचानक बोलू लागले. एकोणिसाव्या वर्षी त्यांना इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला होता. वडिलांना अर्धांगवायू झाला आणि आठ दिवसांत ते गादीवर बसले. आजोबांनी घातलेली पेढी. ती मोडणे मनातही आले नाही. “खंत नाही,” ते म्हणाले. “पण मला कोणी विचारलंही नव्हतं.”

ही गोष्ट सत्तावीस वर्षांत त्यांनी प्रथमच उच्चारली होती. त्यांनी काही न बोलता आपली शाल त्यांच्या पायांवर सरकवली.

पेढीचे पुढे काय, हा प्रश्न त्या रात्री सुटला नाही. पुतण्या आहे, जुना मुनीम आहे. विचार करावा लागेल. पिढ्यांचा व्यवसाय हा केवळ मालाचा साठा नसतो, त्यात शब्द आणि पत असते. ती कोणाच्या हाती द्यायची हे एका सहलीत ठरत नाही. पण ज्याच्या हाती द्यायची, त्याला आधी विचारावे लागते.

परतताना घाटरस्त्यावर मोबाइलला रेंज आली. त्यांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरले आणि मुलाला फोन लावला. त्या काच वर करून आत बसून राहिल्या. काय बोलणे झाले, ते त्यांनी विचारले नाही. शिखर पाहायचे राहिले याची आठवणही गावात पोहोचेपर्यंत दोघांपैकी कोणाला झाली नाही.